निमोण्याच्या चाळीतला न सडणारा कांदा

ईमेल उघडला. ‘मेजर रिव्हिजन.’ म्हणजे पेपर नाकारला नाही, पण छापणारही नाही. आधी शंका मिटवा.

मी शिरूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पाच शेतकऱ्यांच्या कांदाचाळींत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडांत, कांदा किती सडतो, यावर मी पेपर पाठवला होता. जर्नलचा संपादक असा पेपर त्याच विषयातल्या दोन जाणकारांकडे धाडतो. हे रिव्ह्यूअर. त्यांची नावं आपल्याला कळत नाहीत.

पहिल्यानं कौतुक केलं होतं. दुसऱ्यानं एकच प्रश्न विचारला: ‘पाचव्या चाळीत सड जवळजवळ शून्य, पण वजन इतरांइतकंच घटलंय. मग कांदे गेले कुठे?’

मला रागच आला. दर महिन्याला मी स्वतः मोजले होते! दोन दिवस धुसफुसले आणि मग निमोण्याला गेले. पाचवी चाळ आप्पांची. सत्तरीचे, टापटिपीचे शेतकरी.

“आप्पा, तुमचा कांदा सडत कसा नाही?”

“सडतो की! मोजायला येते म्हनून तुमचा फोन आला की मी आन् तुमच्या काकू सडका निवडून टाकतो.”

“टाकता? कुठं?”

“उकिरड्यावर. पाव्हण्याला कुनी सडका कांदा दावतं व्हय?”

मी कपाळाला हात लावला. मग हसूच फुटलं. आप्पाही हसले, का ते न कळता.

प्राचार्य म्हणाले, “मॅडम, ती चाळ गाळा. चार चाळींवर पेपर होतो. तुमचं प्रमोशन अडलंय.”

“सर, न सांगता कशी गाळू?”

संपादकांना खरं काय ते कळवलं आणि पेपर मागे घेतला. पुढच्या हंगामात पुन्हा मोजणी केली. या वेळी आप्पांना ताणकाटा दिला. दर आठवड्याला निवडायचं, टाकलेला कांदा मोजायचा आणि कॅलेंडरवर लिहायचं. काकूंनी एक आठवडा चुकवला नाही.

शेवटी बेरीज केली. टाकलेलं सगळं धरूनही आप्पांच्या चाळीत सड सर्वांत कमी! सडका कांदा लगेच बाहेर पडला, की शेजारचे वाचतात. पेपर नव्यानं लिहून त्याच जर्नलला पाठवला; मुख्य मुद्दा तोच झाला. दुसऱ्या रिव्ह्यूअरनं या खेपेला लिहिलं, ‘शंका नाही.’

पेपर वर्षभर उशिरा आला, प्रमोशनही. आभारात आप्पा-काकूंची नावं आहेत.

हल्ली माझ्याकडेही रिव्ह्यूला पेपर येतात. आकडे फारच देखणे दिसले, की मी पहिला प्रश्न लिहिते: ‘मोजायला जाण्याआधी फोन केला होता का?’