एसीवाले कानटोपीकाका

कोणत्याही वायरीला मीटर लावण्याआधी काका गाडी बंद करायचे आणि बोटांची मागची बाजू वायरीवर टेकवायचे. "आधी ताप बघूया, सार," म्हणायचे.

मैसूरच्या मंडी मोहल्ल्यात त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. घराणं कितीतरी पिढ्या इथलंच, पूर्वी कापड रंगवणारं. घरी मराठी, पण कन्नडात बुडवून काढलेली. दर दोन वाक्यांनी 'अल्वा?', म्हणजे 'हो ना?'. आम्ही नोकरीपायी पुण्याहून आलेलो. "तुमचं मराठी पेपरातलं आहे, सार," असं ते मला चिडवायचे.

असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. पण एसी दुरुस्त करताना कानटोपी घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांना गार हवा अजिबात सोसत नसे.

गाडी माझ्या वडिलांची, चाळीस वर्षांपूर्वीची. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आता त्यांची फुप्फुसं थकली होती आणि धुळीपासून, उकाड्यापासून जपा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांची इच्छा एकच होती, एच. डी. कोटेजवळचा कबिनीचा जलाशय आपल्या गाडीतून बघायचा. काचा लावून जायचं तर एसी हवा. आणि तो थोडं अंतर गेलं की गरम हवा फेकायचा.

काकांनी एसीचा रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा खटका, बदलला, दुकानातच बराच वेळ एसी चालवून बघितला. मी झरोक्यापाशी थर्मामीटर धरला. बारा अंश.

"आकडा काय बघता? यजमानांचा चेहरा बघा," काका म्हणाले. बाबांना ते तिथल्या रीतीनं मानानं 'यजमान' म्हणायचे. बाबा खरंच खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी घराजवळच चक्कर मारली, तर पुन्हा गरम हवा. मी फोन केला. 'गाडी आणून सोडा' असं ऐकायची तयारी होती.

"चुकलं माझं. ती रस्त्यावर रुसते, तर रस्त्यावरच बघायला पाहिजे. कोट्याला जायचंच आहे ना? मी पण येतो."

दुकान बंद करून ते आले. कानटोपी कानांवर ओढून पुढच्या सीटवर बसले.

"एवढी थंडी वाजते तर हा धंदा कशाला धरलात?" बाबांनी मागून विचारलं.

"तुम्हाला गार हवा मिळावी म्हणून, यजमानरे!"

गाव मागे पडलं, रस्त्याचं खोदकाम लागलं आणि एसीनं दगा दिला. पुढे ट्रक, सगळीकडे लाल धूळ. काचा उघडाव्यात तर धूळ, लावाव्यात तर भट्टी. बाबांचा श्वास मला पुढे ऐकू यायला लागला. मी म्हणालो, "परत फिरू."

"परत जातानाही एवढीच धूळ आहे, सार. झाडाखाली घ्या. स्वल्प वेळ द्या मला."

धुरळ्यापासून जरा बाजूला, सावलीत गाडी थांबवली. बाबांच्या बाजूचं दार उघडून मी पुठ्ठ्यानं वारा घालू लागलो. काका डॅशबोर्डखाली उलटे शिरले, पाय दाराबाहेर. खालचं झाकण काढलं आणि एकेका जोडाला उलटी बोटं लावत गेले. एकापाशी हात झटकन मागे आला.

"सापडला! हा तापलाय." कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या वायरीचा तो जुना, सैल जोड होता. तापला की करंट तुटायचा, निवला की पुन्हा सुरू. "दुकानात मी झाकण उघडं ठेवून बघत बसलो. तिला वारा लागत होता, कशाला तापेल?"

सैल टोक कापून त्यांनी नवा जोड दिला, पक्का दाबला, झाकण लावलं. इंजिन सुरू केलं. समोरून टक् असा आवाज आला आणि गार हवा सुटली. या वेळी मी थर्मामीटर काढला नाही. बाबांचे खांदे हळूहळू खाली आले, श्वास लांब झाला.

"चला," बाबा म्हणाले, "अजून धरण कुठं बघितलंय?"

काका आता हुबळीला मुलीकडे असतात. फोन केला की आधी बाबांची चौकशी करतात. बाबा गेल्यावरही एकदा चुकून केली.

त्या दिवशी जलाशयाच्या काठावर आम्ही गाडी पाण्याकडे तोंड करून उभी केली, एसी चालूच ठेवला. काका बाहेर उतरले. समोरच्या काचेवर लाल धुळीचा थर होता. त्यांनी फडकं ओलं केलं, काच वरपासून खालपर्यंत पुसली, वाकून आत बाबांकडे बघितलं, आणि पाण्याच्या आड येऊ नये म्हणून बाजूला उन्हात जाऊन उभे राहिले.