आरपार गेलेला कोनाडा

भिवंडीच्या आमच्या चाळीत एके काळी दोन कुटुंबांना मिळून एकच कोनाडा होता. तो मी केला होता.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. माझ्या धाकट्या बहिणीला, मेरीला, पाहायला रविवारी दुपारी कल्याणहून पाहुणे यायचे होते. त्याआधी दोन स्थळं हातची गेली होती, त्यामुळे घरात सगळेच धास्तावलेले. सकाळच्या उपासनेत आमच्या पाळकसाहेबांनी नेमका घाईच्या निर्णयांवरच उपदेश केला. मनात आलं की लगेच उठू नका, आधी प्रार्थना करा, चार माणसांना विचारा, मग कामाला हात घाला, असं त्यांचं म्हणणं. मला ते इतकं पटलं की सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' मीच म्हणालो. (रूथने, म्हणजे माझ्या बायकोने, तेव्हाच माझ्याकडे संशयाने पाहिलं.)

घरी आलो तर स्वयंपाकघरात नव्या कपबश्या जमिनीवर मांडलेल्या. पाहुण्यांना काय वाटेल? भिंतीत एक कोनाडा हवाच. रूथ म्हणाली, आजच्या दिवस राहू द्या, आणि भिंत किती जाड आहे ते कुणाला तरी विचारा. मी म्हटलं, प्रार्थना करतो. केलीही. फक्त छिन्नी-हातोडा हातात धरून केली आणि 'आमेन'बरोबर पहिला घाव घातला.

बाजूच्या कारखान्यातल्या लूमच्या खटखटीत माझी ठोकाठोक कुणाला जाणवली नाही. भिंत एका विटेची आहे हे मला वीट पलीकडे पडल्यावर कळलं. पलीकडे शेजारच्या शमीमभाभींचा स्टोव्ह होता. स्टोव्हवर डाळ होती. वीट डाळीत गेली.

भोकात भाभींचा चेहरा दिसला. त्यांचे मियाँ रात्रपाळी करून झोपलेले, म्हणून त्या ओरडल्याही नाहीत. हळूच म्हणाल्या, "भाईजान, कुछ चाहिए था तो आवाज़ दे देते."

मी हात जोडले. रूथने आमची डाळ त्याच भोकातून पलीकडे दिली. गवंडी शोधायला वेळच नव्हता, म्हणून मी भोकावर चर्चचं कॅलेंडर टांगलं. त्यावर मेंढरू खांद्यावर घेतलेल्या उत्तम मेंढपाळाचं चित्र होतं.

पाहुणे आले. मी बाहेरच्या खोलीत मुलाच्या वडिलांना सांगत बसलो, की आमच्या घरी प्रार्थनेशिवाय पान हलत नाही. (सकाळचा उपदेश ताजा होता, मुद्दे आयतेच मिळाले.) मुलाची आई मेरीचा हात धरून स्वयंपाकघरात गेली. चहात साखर कमी पडेल, असं मेरी रूथच्या कानात कुजबुजली. तेवढ्यात उत्तम मेंढपाळ हिंदीत बोलला, "शक्कर दूँ क्या?" आणि कॅलेंडरखालून साखरेची वाटी धरलेला एक हात बाहेर आला.

बाईंनी वाटी घेतली. मग कॅलेंडर उचललं. पुढे बराच वेळ भिंतीच्या दोन्ही बाजूंनी बोलणं चाललं होतं. आत काय घडतंय याचा मला पत्ताच नव्हता. मी बाहेर संयमाचं महत्त्व सांगत होतो.

नंतर रूथकडून कळलं. बाईंनी मुलीच्या स्वभावाची चौकशी केली होती. भाभी म्हणाल्या, "लड़की सोना है. मेरा बच्चा बीमार था, तो रात भर यही बैठी थी. भाई भी दिल के अच्छे हैं, बस हाथ पहले चलता है."

बाई बाहेर आल्या. त्यांच्या पदराला विटेची लाल भुकटी लागली होती. त्या नवऱ्याशेजारी बसल्या आणि माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे. तिच्यासाठी आम्ही महिनाभर प्रार्थना केली होती. आता तुमच्यासाठी सुरू करतो."

मेरी सांगते, तिच्या सासरी ती प्रार्थना अजून चालू आहे.