खोट्या तारखा

कोडोलीतल्या मगदूमांच्या घरी कॅलेंडरावर दोनच गोष्टींचे गोल पडायचे. सिलिंडर आल्याचे आणि अपूर्वा बाजूला बसल्याचे. सिलिंडरचे गोल खरे होते. अपूर्वाचे गेल्या पाच महिन्यांतले सगळे खोटे, आणि ते तिच्या आईनं, त्रिशलाबाईंनी, स्वतःच्या हातानं काढलेले.

अपूर्वा बारावीला. दिवाळीनंतर तिची पाळी जी थांबली ती पुन्हा आलीच नाही. शिवाय हनुवटीवर राठ केस, गालभर पुटकुळ्या, मानेवर काळपट पट्टा. आता या घरात पाळी आलेल्या पोरीनं तीन दिवस सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, चटईवर बसायचं. स्वयंपाकघरात पाय नाही, देवाच्या खोलीकडे फिरकायचं नाही, मंदिर तर दूरच. त्यामुळं कोण कधी बसली हे अख्ख्या गल्लीला पाठ. आणि कोण बसली नाही, हे त्याहून पाठ.

पहिलाच महिना चुकला आणि समोरच्या तानाबाईंनी विचारलं, "त्रिशला, पोरगी बाजूला दिसली न्हाय गं ह्या वक्ताला?"

त्याच संध्याकाळी सोप्यात चटई पडली.

"बस तीन दिवस," आई म्हणाली.

"अगं मम्मी, पण मला काय झालंच न्हाय की!"

"झालं न्हाय म्हणूनच बस. पोरीत खोट हाय असं एकदा गावात झालं, की उद्या दारात पावणं यायचं न्हाईत."

काय हा न्याय! ज्या कारणासाठी बाईला कोपरा दाखवायचा ते कारणच गायब, आणि कोपरा मात्र जागच्या जागी. अपूर्वा बसली. वेगळं ताट, वेगळा तांब्या, असे पाच महिने. चटईवर बसून ती गणितं सोडवायची आणि मध्येच हनुवटीचे केस चिमट्यानं उपटायची. रागानं डोकं भणभणायचं. पण रागाच्या खाली भीती होती, आणि त्या भीतीबद्दल बोलायला घरात कुणी नव्हतं. बापाला, पार्श्वनाथांना, बियाण्याच्या दुकानापुढं दुसरं जग नव्हतं.

मग क्लासमधल्या एका शहाण्यानं तिला "मिशीवाली" म्हटलं. अपूर्वानं त्याला सगळ्यांदेखत दिली ठेवून. तक्रार घरी आली, तेव्हा आई तिला घेऊन कोल्हापूरला निघाली. निघताना बजावलं, "फकस्त तोंडाचं औषध मागायचं. बाकी काय बोलायचं न्हाय."

राजारामपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टर क्रांतीमॅडमनी अपूर्वाची हनुवटी बघितली, मान बघितली आणि विचारलं, "पाळी वेळेवर येते का?"

"व्हय तर! दर महिन्याच्या बारा तारखेला," आईनं ठोकून दिलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. खोटं पाच महिने बोललं की जिभेला तेच वळण पडतं. "कॅलेंडरावर लिवलंय की."

"वेळेवर येत असेल तर मग सध्या चेहऱ्यापुरतं मलम देते," म्हणत मॅडमनी कागद ओढला.

अपूर्वानं मॅडमच्या पेनाकडं बघितलं. गल्लीला फसवलं ते फसवलं, पण आता तेच खोटं डॉक्टरच्या कागदावर चढणार होतं. मलमाची ट्यूब घेऊन ती घरी जाणार, आणि आत काय बिघडलंय ते कुणीच शोधणार नाही. पुढच्या बाराला पुन्हा चटई.

"मॅडम, लिहू नका."

टेबलाखाली आईनं मांडीला चिमटा काढला. अपूर्वा उभीच राहिली.

"पाच महिनं झालं, मला पाळीच आलेली न्हाय. त्या तारखा खोट्या हाईत. मी नुसता बसलो होतो. मम्मीनं बसवलं, लोकांना दाखवायला!"

ती एवढ्या मोठ्यानं बोलली की बाहेरच्या बाकावरच्या बायकांची कुजबुज थांबली. आईनं पदरात तोंड लपवलं.

मॅडम कुणावर ओरडल्या नाहीत. मलमाचा कागद फाडला आणि नव्यावर रक्ताच्या तपासण्या लिहिल्या. आठवड्यानं रिपोर्ट आले. "पीसीओएस आहे," त्या म्हणाल्या. "पुरुषी हार्मोन प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतं. हिचं जास्त झालंय. म्हणून बीज वेळेवर तयार होत नाही, पाळी थांबते, केस येतात. खूप मुलींना होतं. यात हिचा काही दोष नाही."

"मूलबाळ व्हईल न्हवं?" आईचा आवाज आता कापत होता.

"आधी मला बरं वाटू दे," अपूर्वा कडाडली. "मूलबाळाचं मागनं बघू!"

"उपचार घेतले तर बहुतेकींना होतं," मॅडम म्हणाल्या आणि गोळ्या, चालणं, खाणं सगळं नीट समजावून दिलं.

काही आठवड्यांनी एका सकाळी पाळी आली. आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात तानाबाई विरजण मागायला दारात उभ्या, आणि आईचे पाय सवयीनं चटईकडं वळले.

अपूर्वा सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि गॅस पेटवला.

"अगं, बाजूला..." आई पुटपुटली.

"पाच महिनं खोटं बसलो, देवाला कळलंसुद्धा न्हाय," अपूर्वा तानाबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली. "आता खरं आलंय. आता मी बसणार न्हाय. काकू, मला आजार झालता, औषध चालू हाय. गल्लीत सांगा."

तिनं तीन कप चहा गाळला आणि दोन त्या दोघींपुढं ठेवले. तानाबाई कपाकडे नुसत्या बघत राहिल्या. त्रिशलाबाईंनी एकदा तानाबाईंकडं पाहिलं, एकदा पोरीकडं, आणि कप उचलून तोंडाला लावला.