पंख्याची ओटी

लिंबाजी मिस्त्री जेवायला बसले की त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून खुळखुळ आवाज यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, ह्या माणसानं खिशात फुटक्या कपाचे कान भरून ठेवलेत की काय. मग कळलं, ते चिनी मातीचे तीन पांढरे फ्यूज होते. पंख्याला हात लावण्याआधी मिस्त्री मेन स्विच पाडायचे, तिन्ही फ्यूज उपसून खिशात घालायचे आणि मगच पान्हा उचलायचे. भाकरी खाताना, बिडी ओढताना, कुठं चार पावलं जातानासुद्धा ते फ्यूज त्यांच्या अंगावरच. माझ्यासोबत कामाला असलेली सुंदराबाई त्यांना चेष्टेनं विचारायची, "मिस्त्री, बायकोला तरी इतकं जपता का?" ते मान वर न करता म्हणायचे, "बायकोचा जीव तिच्यापाशी हाय. पंख्यात हात घालणाऱ्याचा जीव माज्या खिशात हाय."

ही हकीकत पाथरीच्या एका जिनिंगातली. कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायचा तो कारखाना. मी राणीसावरगावची लेक, लग्न होऊन पाथरीला आले, आणि दोन पोरं पदरात असताना जिनिंगात कापूस वाहायला लागले. आवारात कापसाचा डोंगर असायचा. तिथून टोपली भरायची, डोक्यावर घ्यायची, आत यंत्रापाशी नेऊन ओतायची. दिवसभर हेच. नाकातोंडात कापूस, केसात कापूस, घरी गेल्यावर भाकरीतही कापूस निघायचा. आम्ही अठरा-वीस बाया होतो.

एका दसऱ्याच्या आधी शेठजींनी कुठूनसा एक जुना पंखा विकत आणला. घरात छताला असतो तसला नाही बरं का. माणसाच्या उंचीचं, गोगलगाईच्या शंखासारखं लोखंडी पोट, आणि त्या पोटात पात्यांचं भलंमोठं चाक. त्याला लांबलचक पत्र्याचे पाईप जोडायचे, की ढिगावरचा कापूस आपोआप ओढला जाऊन थेट यंत्रापाशी पडणार. मुकादमानं आम्हाला ऐकवलं, "आता तुमच्या टोपल्या चुलीत घाला. हा पंखा दहा बायांचं काम करतोय." कुणाकुणाला काढतील ते सगळ्या बाया बोटांवर मोजायला लागल्या. मी सगळ्यात नवी. कमी करायची वेळ आली की पहिलं नाव माझंच असणार होतं.

पण खरं सांगू? मला त्या पंख्याची भीती वाटलीच नाही. मला तो बघतच बसावा वाटायचा. चौथीतून शाळा सुटली तरी पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय मी फेकत नसे, तशीच ही खोड.

पंखा बसवायला बोरीहून लिंबाजी मिस्त्री आले. पन्नाशीचे, काटक, अंगात बटणं गळ्यापर्यंत लावलेला सदरा, बाह्या मनगटाशी सुतळीनं बांधलेल्या. मिस्त्री बौद्ध. ती नामांतराची सालं होती, विद्यापीठाच्या नावावरून गावोगावी मनं फाटली होती, आणि जिनिंगात येणारं प्रत्येक माणूस आधी तो कुठल्या वस्तीतला हे बघून मोजलं जायचं. मिस्त्री स्वतःचा गिलास स्वतःच घेऊन यायचे, कुणी काही म्हणायच्या आत. कामात मात्र ते कुणाला भीत नसत. पहिल्याच दिवशी शेठजींना म्हणाले, "मालक, ह्याच्याखाली नुसत्या विटा चालायच्या न्हाईत. कांक्रीटचा ओटा पाहिजे, आन् तो वाळस्तोवर मी बोल्टाला हात लावत नसतो." शेठजी म्हणाले, "हंगाम तोंडावर आलाय, मिस्त्री." मिस्त्री म्हणाले, "म्हणूनच सांगायलोय. हंगामात उखडला तर कुणाच्या तोंडावर येईल, सांगता येत न्हाई."

ओटा वाळेपर्यंत त्यांनी पंख्याचं पोट उघडलं आणि एकेक पातं खरवडून काढलं. जुन्या मालकाकडची मळी आणि चिकट रुई पात्यांना अशी घट्ट बसली होती की तासणीनं निघेना. मग चाक नुसत्या हातानं फिरवून सोडायचे आणि ते आपसूक थांबेपर्यंत बघत उकिडवे बसायचे. फिरवायचे, बसायचे. परत फिरवायचे, परत बसायचे. मी टोपली घेऊन जाता-येता हळूच रेंगाळायची. चौथ्या-पाचव्या खेपेला माझ्या तोंडातून निघूनच गेलं, "मिस्त्री, दर बारीला तेच पातं खाली येऊन थांबायलंय. ते वाकड्या कोपऱ्याचं."

ते वळले. मला वाटलं रागावतात. पण त्यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. "आक्का, किती दिवस टोपल्या वाहायलाव तुमी?"

"दोन हंगाम."

"वाया गेले," म्हणाले, आणि खिशातला खडू माझ्या हातात दिला. "त्या पात्यावर खूण करा. ते अंग जड हाय. जड अंग खाली येतंय. असंच चालवलं तर चाक थरथरतंय, थरथर बेअरिंग खाती, आन् बेअरिंग गेलं की चाक पोट फोडून भाईर येतंय."

त्या दिवसापासून जेवणाची सुट्टी मी त्यांच्यापाशी काढायला लागले. काय काय शिकवलं त्या माणसानं. समोरच्या अंगाला लोखंडाचा तुकडा जोडून तोल कसा साधायचा. मोटरचा पट्टा इतकाच ताणायचा की अंगठ्यानं दाबला तर बोटभर दबला पाहिजे. लांब पेचकसाची मूठ कानाला आणि टोक बेअरिंगच्या घराला लावलं की आतलं सगळं ऐकू येतं. त्यांनी चाक हातानं जोरात फिरवलं आणि मी ऐकलं, तर आत मधमाश्यांचं मोहोळ घुमावं तसा आवाज. ते म्हणाले, "ह्यो निरोगी आवाज. ह्यात खर्रखर्र आली की पळत जाऊन बंद करायचं, कुणाला इचारायचं न्हाई." पदर कमरेला खोचल्याशिवाय आणि केसांचा बुचडा बांधल्याशिवाय ते मला पंख्याच्या जवळ येऊ देत नसत. "फिरायला लागला की त्याला नातं कळत न्हाई आक्का. त्याला पदर आन् कापूस एकच."

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायची आणि तो हसायचा. पण मला रात्री झोप लागायची नाही, इतकं सगळं डोक्यात फिरत असायचं. मनात ठरवलंच होतं, ह्या पंख्यावर कुणीतरी माणूस लागणार, तो माणूस मीच.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी पंखा चालवून पाहिला. बेअरिंगच्या घरावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली. मोटर सुरू झाली, घूं घूं करत आवाज चढत गेला, आणि वाटीतलं पाणी नुसतं शहारलं, काठाबाहेर थेंब आला नाही. सुंदराबाईनं पाईपाच्या तोंडाशी मूठभर कापूस धरला तो असा हातातून गेला की ती ओरडत मागं सरली आणि सगळ्या बाया हसायला लागल्या. मिस्त्रींनी पंखा बंद केला, फ्यूज काढून खिशात घातले आणि घरी गेले.

आता माझी चूक ऐका. लपवून काय करायचं.

दुसऱ्या दिवशी पूजा. मी भल्या सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. मन नुसतं भरून आलं होतं. नव्या नवरीची ओटी भरतो, विहिरीला पाणी लागलं की तिची भरतो, मग ह्या पंख्याची का नाही? ह्याच्या पोटावर तर आमची पोटं चालणार. पट्ट्यावरच्या जाळीवर नारळ बांधावा असं आधी मनात आलं, पण मिस्त्रींनीच बजावलं होतं की जाळीवर काही अडकवायचं नाही. मग विचार केला, ओटी तर पोटातच भरायची असते. फ्यूज मिस्त्रींच्या खिशात, म्हणजे हात आत घालायला भीती नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. मी पाय धुऊन ओट्यावर चढले, साफसफाईची झडप उघडली, दोन पात्यांच्या मधल्या खोबणीत नारळ, खण आणि तांदूळ ठेवले, हळदीकुंकू लावलं, झडप लावून टाकली. हात जोडले. पूजा आटोपली की काढून घेऊ, असं मनाशी म्हटलं. आणि मग बाया आल्या, रांगोळी काढायला घेतली, शेठजींच्या घरची मंडळी आली, त्या गडबडीत ते डोक्यातून साफ निघून गेलं.

आरती झाली. गुरुजी म्हणाले, मुहूर्ताला आता थोडाच वेळ आहे. शेठजी स्विचपाशी उभे राहिले. मिस्त्रींनी मात्र खिशातून फ्यूज काढले नाहीत. सगळ्यांकडे बघून मोठ्यानं विचारलं, "आत कुणी काय ठेवलंय का?"

मला तेव्हा आठवलं. तोंड उघडलं तर पंख्यावरचं काम तर गेलंच, टोपलीही गेली. मी गप्प बसले.

"आत काय ठेवणार? काल तर फिरवून पाह्यलास," मुकादम म्हणाला.

"काल फिरला तो कालचा पंखा. मधी एक रात गेली. आधी हातानं एक फेरा, मग फ्यूज."

"मुहूर्त चाललाय मिस्त्री," शेठजी म्हणाले.

"जाऊ द्या मालक. मुहूर्त परत काढता येतोय." असं म्हणत त्यांनी पट्ट्यावरची जाळी उघडली आणि पुली हातानं सावकाश फिरवली. अर्धा फेरा काहीच नाही. मग आत धप्प. आणि नारळ लोखंडी पोटात गडगडत गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

झडप उघडली. नारळ बाहेर आला, हळदीनं माखलेला खण आला. पंखा वेगात असता तर पाती मोडून पत्रा फाडून बाहेर आली असती, आणि दहा हातांवर शेठजींची आई, सुना, आम्ही सगळ्या बाया उभ्या होतो.

तेवढ्यात मुकादम म्हणाला, "मला ठाऊक हाय हे कुणाचं काम. ह्यांना आपली पूजा खुपतेय. सोताच टाकायचं आन् सोताच काढून दाखवायचं. रातभर फ्यूज कुणापाशी होते, इचारा." दोन-चार गडी पुढं सरकले. शेठजींनी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री काही बोलले नाहीत. हातात नारळ घेऊन नुसते उभे. त्या दिवसांत अशा एका वाक्यावरून काय काय झालेलं आम्ही ऐकत होतो.

मी पुढं कशी झाले मला माहीत नाही. एवढं आठवतं की पदर सुटला होता आणि तो मी आधी खोचला. "मालक, ओटी मी भरलीय," मी म्हणाले. "मिस्त्रींचा काय संबंध न्हाई. माजा खण हाय तो, घरच्या पेटीतला. सासूबाईंना इचारा."

मुकादम म्हणाला, "मग टोपली ठेव आन् चालायला लाग."

शेठजींनी तोंड उघडायच्या आत मिस्त्री बोलले. त्या सबंध दिवसातलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं. "मालक, पंख्यावर बसवायला माणूस पाहिजे तुमाला. ह्या बाईला बसवा. जड पातं हिनं वळखलं. पट्टा हिला कळतोय, आवाज कळतोय. चूक झाली ती चार माणसांत कबूल करती. ज्याला चूक लपवायची सवय हाय तसला माणूस मी पंख्याजवळ ठेवणार न्हाई, मग तो कुणाचा का असंना."

शेठजी हिशेबी माणूस. त्यांनी एकदा नारळाकडं पाहिलं, एकदा आईकडं. म्हातारी म्हणाली, "पोरीनं पंख्याची ओटी भरली, वाईट काय केलं? जागा चुकली, एवढंच." मग ओटी मी स्विचच्या भिंतीपाशी, पाटावर ठेवली. मिस्त्रींनी आणखी दोन फेरे हातानं दिले, जाळी लावली, फ्यूज बसवले. पंखा घुमला आणि कापूस पाईपातून असा धावत सुटला की मुकादमाच्याही तोंडाचा आ झाला.

बारा हंगाम मी तो पंखा चालवला. एकदा विजेच्या खांबावर दुरुस्ती झाली आणि दुसऱ्या दिवशी कापूस पाईपातच अडकायला लागला. वारा तर येत होता, पण त्यात दम नव्हता. मुकादम म्हणाला, मोठी मोटर आणा. मी पंखा बंद केला, आणि जाळीतून पुली थांबता-थांबता पाहिली तर मिस्त्रींनी पोटावर रंगवलेल्या बाणाच्या उलट फिरत होती. हे भलतं फसवं असतं बघा. उलटा फिरला तरी हा पंखा हवा देतो, फक्त निम्मीशिम्मी. वायरमनला बोलावून खांबावर चुकून पालटलेल्या दोन तारांची अदलाबदल करायला लावली, आणि दहा मिनिटांत काम सुरू. मी इतकी हरखले की रविवारी एसटी धरून बोरीला गेले, खास मिस्त्रींना सांगायला. ते ऐकून मांडी थोपटत हसले. त्यांच्या घरी मी त्याच गिलासातून पाणी प्याले. मग त्यांच्या कारभारणीनं चहा केला.

मी त्यांना शेवटचं भेटायला गेले तेव्हा मिस्त्रींची छाती भरली होती. आयुष्यभराची रुई आत गेलेली, दुसरं काय. खाटेवर उशीला टेकून बसले होते. मनात कितीतरी वर्षं होतं ते मी विचारलं, "मिस्त्री, त्या दिवशी तुमी सगळ्यांसमोर का इचारलं, आत काय ठेवलंय का म्हणून? एरवी तर इचारत नव्हता. नुसता हातानं फेरा द्यायचा."

ते थांबून थांबून म्हणाले, "मी आलो तवा झडपीच्या खाली तांदूळ सांडले हुते. पुढं ओट्यावर पायाचं ओलं ठसं, आन् आवारात तुमी एकट्याच. वाटलं, तुमीच सांगताल."

"म्हणजे ठाऊक हुतं तुमाला? मग मुकादम बोलला तवा गप का राह्यलाव? मारलं असतं त्यांनी."

"मी नाव घेतलं असतं तर तुमी पंख्यापाशी परत आला नसता." खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांनी विषयच बदलला. "बेअरिंगच्या घरात ग्रीस किती भरता?"

"तिसरा हिस्सा," मी म्हणाले.

"ठासून भरलं तर?"

"तापतंय."

"जाळी?"

"आधी जाळी, मग फ्यूज."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मी उठायला लागले, तर डोळे न उघडताच म्हणाले, "बसा आक्का. अजून इचारायचंय."