डोळेकाका आणि माझी चुकीची जन्मतारीख

कुणी फोन पुढे केला की डोळेकाका तो आधी शर्टाच्या बाहीला पुसायचे आणि मग ओरडायचे, "डोळो उघड!" नवी मुलं बिचारी स्वतःचे डोळे मोठे करायची. काकांना हवा असायचा पासवर्डच्या चौकटीतला बारीक डोळा. तो दाबला की काळ्या ठिपक्यांमागे आपण काय लिहिलंय ते दिसतं. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर लॅबमध्ये कंत्राटावर मदतनीस होते. माणूस मालवणकडचा. रागावले काय, लाडात आले काय, आमच्याशी मालवणीच.

कॉलेजच्या वायफायला मोबाईल जोडायचा तर यादीतून आपलं नाव निवडायचं आणि खाली जन्मतारीख टाकायची. तीनदा चुकलं की खातं बंद. मग तक्रारीचा फॉर्म भरा. आणि तो फॉर्म उघडायचा कधी? लॉगिन झाल्यावर! हे ज्या डोक्यातून निघालं त्याला मी आजही हात जोडते. काका कुणाला फॉर्म भरायला सांगत नसत. "माझ्यासमोर टाईप कर," म्हणायचे आणि बोटं कुठे पडतात ते बघत बसायचे.

पहिल्या वर्षी वर्गचाचणी मोबाईलवर होती, कॉलेजच्याच वायफायवरून. मी जन्मतारीख तीनदा टाकली, तीनदा चूक. खातं बंद, आणि निकालात माझ्या नावापुढे 'गैरहजर'. पहिल्या बाकावर बसलेली मी गैरहजर! चाचणीचे गुण शून्य म्हणजे त्या विषयात नापासच. विभागाचे सर माझ्या फोनकडे न बघताच म्हणाले, "स्वतःची जन्मतारीख येत नाही? मराठी मीडियम ना तू?" रडू नाही आलं मला. अंगाचा तिळपापड झाला.

काकांनी खातं उघडून दिलं आणि डोळा दाबायला लावला. ठिपक्यांच्या जागी माझी तारीख आली, अगदी बरोबर, पण मराठी आकड्यांत. आईला मेसेज करायचे म्हणून माझा कीबोर्ड कायम मराठीत असायचा. त्यातले आकडे वेगळे आहेत हे मला दिसलंच नव्हतं. सगळी गणितं त्यांतच तर केली होती.

"तारीख बरोबर लिवलंस गो," काका म्हणाले. "त्या मशिनीक मराठी आकडे वाचूक येना नाय, ती तुझी चूक कशी?"

मग मला घेऊन ते थेट सरांच्या केबिनमध्ये घुसले.

"सर, ह्या फोनवरून तुमचं लॉगिन करून दाखवा ना. आम्ही तोंड फिरवतो."

सरांनी हसत तारीख टाकली. चूक. पुन्हा टाकली, पुन्हा चूक. तिसऱ्यांदा त्यांचंही खातं बंद.

"आता तुम्ही पण गैरहजर, सर," काका म्हणाले. मी हसू दाबलं. खरं सांगायचं तर दाबलं नाही.

माझी चाचणी परत घेतली. पण सूचनाफलकावर काय लागलं? 'विद्यार्थ्यांच्या निष्काळजीपणामुळे फेरचाचणी.' निष्काळजीपणा आमचा! आणि त्याच महिन्याच्या शेवटी काकांचं कंत्राट संपवलं. कारण, 'वरिष्ठांशी उद्धट वर्तन'. चूक दाखवली ते उद्धट, आणि न बघता मुलीला नापास करणारे वरिष्ठ. मी तणतणत केबिनकडे निघाले, तर काका वाटेतच भेटले, डब्याची पिशवी घेऊन निघालेले. त्यांनी मला हाताने थांबवलं.

"पेपर कसो गेलो तुझो?"

"चांगला गेला. पण काका, ते तुम्हाला काढतायत आणि तुम्ही काहीच बोलत नाही?"

"बोललंय म्हणान तर तू पेपर दिलंस ना," एवढं म्हणून ते गेटबाहेर पडले.

त्या चाचणीत मला वीसपैकी एकोणीस मिळाले. ती गुणपत्रिका हातात आली की अजूनही माझं डोकं सणकतं.