उज्जैनच्या खान्यातलं कार्ड

सॉर्टरकाका अभ्यास उभ्यानं करत. भिंतीला टेकायचं नाही, खुर्चीची पाठ धरायची नाही. समोर लाकडी खान्यांची फळी, डाव्या हातात कार्डांचा गठ्ठा आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सत्तरीला टेकलेला माणूस उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या आपल्या दोन खोल्यांत सकाळी सहाला असा ताठ उभा राहून मोठमोठ्यानं चिनी शब्द म्हणतोय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला खरं वाटणार नाही. "बसलं की माणूस स्वतःला फसवतो," ते म्हणायचे. "उभ्यानं आलं ते आलं. बाकी सब टाइमपास." त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या टपालडब्यात पत्रं छाटण्यात, म्हणजे गावागावांच्या खान्यांत वेगळी करण्यात गेली होती, चालत्या गाडीत, उभ्यानंच. त्यामुळे गल्ली त्यांना सॉर्टर साब म्हणे आणि आम्ही मराठी घरं सॉर्टरकाका.

आता त्यांना चिनी भाषेची काय गरज? काही नाही. गरज माझी होती. बी.कॉम. होऊन मी घरी बसले होते. पिथमपूरच्या एका कारखान्यात चिनी यंत्रं येणार आहेत, दुभाषी हवेत, असं कानावर आलं आणि मी ऑनलाइन क्लास लावला. मोबाइलवर तीन ॲप, पाच रंगांची पेनं, दोन जाड वह्या. चार महिने झाले तरी तोंडातून चार शब्द निघेनात. आईनं शेवटी शेजारी जाऊन गाऱ्हाणं घातलं, "काका, मंजूला जरा समजवा. पोरगी दिवसभर चित्रं काढते आणि अभ्यास केला म्हणते."

काकांनी माझी वही शांतपणे चाळली. "छान आहे. एकदम रांगोळी," ते म्हणाले. "आता मिटव आणि सांग, पाण्याला काय म्हणतात?" मला आठवेना. हिरव्या शाईत, डाव्या पानावर, खाली, इतकं सगळं आठवत होतं, शब्द तेवढा आठवत नव्हता. "मग हे वहीला येतं बेटा, तुला नाही येत," काका म्हणाले. मला असा राग आला! पण दुसऱ्या दिवशी सहाला त्यांचं दार लोटलेलं होतं आणि मी गेले.

त्यांनी लग्नाच्या जुन्या पत्रिका कापून कार्डं केली होती. कोऱ्या बाजूला मी चिनी अक्षर काढायचं, छापील बाजूच्या मोकळ्या कोपऱ्यात ते अर्थ लिहायचे. समोरच्या फळीला पाच खाने: उज्जैन, नागदा, रतलाम, बडोदा, मुंबई. नवं कार्ड उज्जैनला. बरोबर सांगितलं की नागदा, पुन्हा बरोबर आलं की रतलाम, असं करत मुंबईपर्यंत. उज्जैनचा खाना रोज काढायचा, नागदा एक दिवसाआड, रतलाम चार दिवसांनी, बडोदा आठवड्यानं आणि मुंबई महिन्यानं. तपासलं की कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख. आणि कुठल्याही स्टेशनावर चूक झाली की कार्ड मुकाट्यानं परत उज्जैनला. रागवायचं नाही, हळहळायचं नाही. नोकरीत लागल्यावर शेकडो डाकघरांची नावं त्यांनी अशीच कार्डं छाटून पाठ केली होती. "जे येतं तेच घोकत बसायला माणसाला फार आवडतं," ते म्हणायचे, "कारण त्यात शाबासकी मिळते. तू उज्जैनचा खाना बघ."

ऐकणारा असल्याशिवाय पाठ होत नाही, हे त्यांचं दुसरं वेड. म्हणून समोर उभं राहून ऐकता ऐकता तेही शिकू लागले. इंग्रजी स्पेलिंगकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. "अगं, चिनी माणसाला त वेगळा, थ वेगळा, प वेगळा, फ वेगळा. आपल्याला तर हे बालवाडीपासून येतं! मग इंग्रजीच्या दारातून कशाला जायचं?" आणि खरंच, देवनागरीत लिहिल्यावर माझी निम्मी अडचण गेली. राहिले ते चार सूर. तेही त्यांनी बसवले. पहिला, इंजिनाच्या शिट्टीसारखा एकाच उंचीवर. दुसरा, "काय?" विचारतो तसा वर जाणारा. तिसरा, शेजारणीची भानगड ऐकून आपण "अस्सं होय?" म्हणतो तसा खाली जाऊन वर येणारा. चौथा, बकरी हाकलल्यासारखा, "हट!" फिरायला निघाले की टावर चौकापर्यंत त्यांचे सूर चालायचे. चहावाला एकदा घाबरून म्हणाला, "बाबूजी, सवेरे-सवेरे किससे लड़ रहे हो?" "पड़ोसी मुल्क से," काका म्हणाले, "दोस्ती की प्रॅक्टिस है."

नुसता अर्थ सांगून मात्र कार्ड पुढे सरकत नसे. अर्थ सांगितला की लगेच हुकूम यायचा, "वाक्य कर." तेही खरं वाक्य, आपल्या घरातलं, आपल्या माणसांचं. पुस्तकातला राजू आणि त्याचं सफरचंद चालायचं नाही. आईनं पोहे केले, काकांचा गुडघा दुखतो, मंजू आज उशिरा आली, अशी माझी सगळी चिनी भाषा आमच्या गल्लीत वाढली. "शब्द माणसाला जाऊन भेटला की पत्र पोचलं," ते म्हणायचे. मग एकदा, जरा लाजतच, म्हणाले, "माझी पत्रं मात्र सगळी तुलाच पोचतायत. एखाद्या खऱ्या चिनी माणसाशी एक वाक्य बोलायला मिळालं ना, तर मी मुंबईला पोचलो असं समजेन." मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "काका, पहिला पाहुणा आला की सर्वांत आधी तुमची भेट." माझे शब्द होते हे. मीच म्हटलं होतं.

दीड वर्षात मला नोकरी लागली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "इतकं पक्कं कसं केलंस? कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "सर, मैंने अपना खुद का सिस्टम बनाया है." स्टेशनं, खाने, सगळं रंगवून सांगितलं. साहेब खूश. त्या क्षणी जीभ झडली नाही माझी. घरी येऊन काकांना पेढा दिला आणि त्यांनी तो उभ्यानंच खाल्ला, तेव्हाही काही वाटलं नाही.

थंडीत कारखान्यात चिनी इंजिनिअर आले, वांग म्हणून. रविवारी त्यांना उज्जैन दाखवायचं ठरलं. साहेब, वांग आणि मी. काकांना मी काही कळवलं नव्हतं. नंतर बघू, असं स्वतःला सांगितलं होतं. पण आई कशी गप्प बसेल! सकाळीच तिनं कौतुकानं सांगितलं असणार. क्षिप्रेच्या राम घाटावर आम्ही पायऱ्या उतरत होतो आणि समोर सॉर्टरकाका. डोक्याला माकडटोपी, मुलीनं कधीतरी विणलेला भोकं पडलेला स्वेटर, हातात कापडी पिशवी. वांगसाहेबांसमोर ते ताठ उभे राहिले, जसे फळीसमोर राहत, आणि म्हणाले, "नी हाओ." मग एकेक सूर सांभाळत चिनीतून म्हणाले, "उज्जैनमध्ये तुमचं स्वागत आहे. मी एक म्हातारा विद्यार्थी आहे."

वांगसाहेबांना हर्ष झाला! हसत हसत त्यांनी मला विचारलं, "हे कोण? तुझे शिक्षक का?"

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ये कौन हैं? जानती हो?" त्यांना वाटलं असेल, घाटावरचा कोणी मागे लागणारा. मी काकांची टोपी पाहिली, स्वेटरची भोकं पाहिली. आणि खरं सांगायचं तर टोपीचा काही दोष नव्हता. काका आता बोलायला लागले, तर माझा 'खुद का सिस्टम' साहेबांसमोर उघडा पडणार, याची मला धास्ती होती. मी साहेबांकडे बघून मान हलवली आणि वांगसाहेबांना चिनीत म्हटलं, "वो पू रन् शि था." मी यांना ओळखत नाही.

चिनीत बोलले, म्हणजे काकांपासून लपलं, असं वाटलं असेल का मला? ज्या माणसानं त्यातला शब्द न् शब्द माझ्याकडून घोटून घेतला, त्याच्या तोंडावर! काकांचे डोळे एकदाच माझ्याकडे वळले. मग त्यांनी साहेबांना हात जोडले आणि म्हणाले, "माफ़ करना साब, ग़लतफ़हमी हो गई." हिंदीत म्हणाले, मराठीत एक अक्षर नाही, म्हणजे आमची ओळख कुणाला कळायला नको. माझं खोटं त्यांनी सांभाळून घेतलं आणि हळूहळू, गुडघ्यावर हात देत, पायऱ्या चढून गेले.

दुसऱ्या दिवशी सहाला त्यांचं दार लोटलेलं होतं. तिसऱ्या दिवशीही. मी मागच्या गल्लीनं देवास गेटला जाऊन बस पकडू लागले. माफी मागायला चार पावलं चालायची होती आणि मी रोज अर्धा मैल वळसा घालत होते. जनाची नाही तर मनाची तरी असावी! आईनं विचारलं तर मी म्हणायचे, "ऑफिसचं टेन्शन आहे." काकांनी तिला काही सांगितलं नाही. कधीच नाही.

पुढे उन्हाळ्यात गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला आणि मुलगी त्यांना नागपूरला न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी ते रिक्षावाल्याकडून फळी उचलवून आमच्या दारात आले. मी घरातच होते. आईला खूण केली, न्हाणीघरात आहे म्हणून सांग. आतून ऐकत होते. "असू दे, असू दे," काका म्हणाले, "तिला म्हणावं, मुंबईचा खाना महिन्यातून एकदा तरी काढ. पक्क्या गोष्टीच आधी विसरतात."

त्यांची गाडी गेल्यावर मी फळी जवळ ओढली आणि ते कार्ड शोधलं. 'रन् शि', म्हणजे ओळखणं. मागच्या बाजूला कुठल्याशा लग्नातलं 'दर्शनाभिलाषी' अर्धं कापलेलं. चुकलेलं कार्ड उज्जैनला यायला हवं, नियम त्यांचाच. पण ते मुंबईच्या खान्यात होतं. कोपऱ्यातली पेन्सिलीची शेवटची तारीख घाटानंतरची होती. म्हणजे त्या शब्दाला त्यांनी समोर धरलं होतं, तपासलं होतं आणि माझी चूक न धरता परत जागेवर ठेवलं होतं. मी तिथेच फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले. मग ते कार्ड उचलून उज्जैनच्या खान्यात टाकलं.

फोन करायला मला वर्ष लागलं. गेल्या महिन्यात, सकाळी सहाला, फळीसमोर उभी राहून केला.

"मंजू? या वेळेला?" काका हसले. "म्हणजे उभी आहेस. उज्जैनला काही अडलंय का?"

"एक कार्ड आहे काका."

"कोणतं?"

"रन् शि."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाले, "सोपं आहे ते."

"सोपंच होतं काका. मीच..."

"अर्थ सांग."

"ओळखणं."

"वाक्य कर."

मी कार्ड समोर धरलं. कसंबसं म्हटलं, "वो रन् शि सॉर्टरकाका." मी सॉर्टरकाकांना ओळखते.

"आवाज नाही आला. मोठ्यानं."

मी मोठ्यानं म्हटलं. इतक्या मोठ्यानं, की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"हं," काका म्हणाले. "सूर बरोबर आहेत. जा, सरकव नागद्याला."

मग त्यांनी आईच्या पोह्यांची चौकशी केली, नागपुरात तसे मिळत नाहीत म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचा तो हुकूम मात्र मी पाळलेला नाही. रोज सहाला मी ते कार्ड काढते, अर्थ सांगते, मोठ्यानं वाक्य करते आणि परत उज्जैनच्याच खान्यात ठेवते.