नाल्याच्या गाळातली भाजी

गाळ घरी न्या, असं मोहल्ल्याला मीच सांगितलं. रविवारी बुद्धविहारात वंदना झाल्यावर उभी राहिले आणि सांगितलं. माझा आवाज मोठा आहे, त्यामुळे मागे बसलेल्यांनाही नीट ऐकू गेलं.

आमचं घर इकडे हिंदी मुलखात, गढा नावाच्या वस्तीत, नाल्याच्या काठी. नवरा फॅक्टरीत होता, त्याने हयात असताना बांधलेलं. कागदावर त्या नाल्याला नदी म्हणतात. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यात पाण्यापेक्षा वास जास्त होता. वर चढावर जुन्या बॅटऱ्या फोडून आतला धातू वितळवणारे पत्र्याचे छोटे कारखाने होते. त्यांचं पाणी, डेअऱ्यांचं शेण, आमच्या मोऱ्या, सगळं त्यातच. मागच्या खिडकीतून कचऱ्याची पिशवी मीही त्यात फेकत आले. त्याचं कधी काही वाटलं नाही.

कारखाने बंद पडले. मग काही वर्षांनी सरकारने नाला साफ करायला घेतला. पाणी एका बाजूने वळवलं, पोकलेन मशीन खाली उतरवली आणि तळाचा काळा गाळ काढून काठावर ढीग घातले. वाळला की ट्रकने दूर नेऊन पुरायचा, असं ठरलं होतं.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं, तलावांच्या मुलखातलं. तिथे उन्हाळ्यात तलाव आटला की अख्खं गाव गाळ उपसायला उतरायचं. चौथीनंतर माझी शाळा सुटली, आणि डोक्यावर गाळाचं टोपलं आलं. ज्याच्या वावरात गाळ पडला त्याचं धान शेजाऱ्यापेक्षा वीतभर उंच. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. इथले ढीग वाळून तडकले तेव्हा मी एक ढेकूळ हातात चुरून पाहिलं. मऊ, काळं, वास गेलेला. मला वाटलं, हे लोक चांगली माती फेकायला निघाले आहेत.

तिथे चौकीदार होता. म्हणाला, "अम्मा, हाथ मत लगाओ. साहब ने मना किया है."

"काहून? तुमचे साहेब बेचनेवाले हैं क्या?"

"वो हमको नहीं पता. मना है, बस."

"हमारे गाँव में इसके लिए झगड़े होते थे, समझे? बड़े आए मना करनेवाले."

तो हसला आणि तंबाखू मळत दुसरीकडे पाहू लागला. ढिगाजवळ माती नेऊ नये असा बोर्डही होता. मी तो वाचला होता. मनात म्हटलं, सरकारी बोर्ड कुठे नसतो.

विहारात सांगितल्यावर बाया घमेली घेऊन आल्या. आमच्यातल्या बहुतेकींचं माहेर वावरातलं, आणि इथे कुणाकडे अंगण, कुणाकडे फुटक्या बादलीत तुळस. माती दिसली की आमचा हात थांबत नाही. माझं अंगण सिमेंटचं, मी चार कुंड्या भरल्या. सगळ्यात जास्त गाळ नेला शेजारणीने. ती माझ्याहून बरीच लहान, नवरा रेल्वेत, घरामागे मोकळी पट्टी. तिची भाजी दरवर्षी मरतुकडी यायची आणि दरवर्षी मी भिंतीवरून विचारायची, "तुमच्या मेथीले क्षय झाला काय वो?" त्यामुळे तिला जोर चढला होता. मी भिंतीशी उभी राहून सांगत होते, "अजून एक टोपलं टाका. कंजूसी करू नका."

भाजी आली. पालकाचं पान तळहाताएवढं. शेजारीण जुडी भिंतीवरून पुढे करून म्हणाली, "घ्या मावशी. आता म्हणा क्षय." मी घेतली. खाल्लीही. तिची सून तेव्हा पोटुशी होती, पाचवा चालला होता. डॉक्टरांनी रक्त कमी सांगितलं होतं. म्हणून तिला रोज पालक. वरणात पालक, पोळीत पालक. मी वरून म्हणायची, "खाऊ घाला तिले. रक्त वाढते."

मग एक दिवस साफसफाईवरची इंजिनीअर पोरगी माझ्या दारात आली. ढीग निम्मे झाले होते आणि चौकीदाराने माझं घर दाखवलं होतं.

"अम्मा जी, वहाँ की मिट्टी कौन ले गया?"

"हम ले गए. पूरा मोहल्ला ले गया. क्यों?"

ती पायरीवर बसली. बॅटऱ्यांतलं शिसं त्या गाळात बसलेलं आहे, ते वाळून जात नाही, धुऊन जात नाही, त्याला वास नाही, असं तिने सांगितलं. मग विचारलं, "उसमें खाने की चीज़ तो नहीं लगाई न?" मी माझ्या कुंड्यांकडे पाहिलं. "आसपास कोई छोटा बच्चा है? कोई पेट से है?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मी हो म्हणून मान हलवली.

त्याच पावली शेजारणीकडे गेले. "उपटून टाका वो हे सारं."

"काहून?"

"विष हाय त्याच्यात. इंजिनीअर पोरगी सांगून गेली."

"अच्छा! वाईट येत होता तवा क्षय होता. आता चांगला आला त विष हाय."

"मी खरं सांगून राहिली."

"मावशी, माझं कोणतं बरं तुम्हाले पाहवलं आजपर्यंत? अन् तुम्हीच त इथं उभ्या राहून अजून एक टोपलं म्हणत होत्या."

तिचं चुकलं नव्हतं. तिला पटेल असं माझ्याकडे एकच होतं, सुनेच्या पोटातल्या लेकराचं. ते तोंडातून निघेना. आयुष्यभर ज्याला जे म्हणायचं ते म्हणत आले, आणि त्या वेळी तेवढं एक म्हटलं नाही. ते शब्द मी काढले तर गाळ नेणारी मी आणि लेकराला विष घालणारीही मीच, असं सगळ्यांसमोर ठरणार होतं. मी घरी आले. संध्याकाळी पलीकडे पुन्हा पालकाची फोडणी पडली. वास आला. मी भाकरी थापत राहिले. गाळ नेला तेव्हा मला माहीत नव्हतं. फोडणी पडली तेव्हा माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कपडे वाळत घालायला गच्चीवर आली तेव्हा मी तिला सांगितलं. सरळ, सगळं. ती इथलीच पोर, तिला मराठी कळते, बोलते हिंदीत.

"सच में, आजी?"

"हो."

"कल रात को भी खाया मैंने."

"मले माहीत हाय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हातातला ओला टॉवेल तसाच टाकून खाली गेली.

सुनेचा नवरा तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. रक्त तपासायला नागपूरला पाठवलं. शिसं निघालं, असायला हवं त्याहून जास्त. डॉक्टर म्हणाले, ती भाजी बंद करा, दूध आणि लोहाच्या गोळ्या द्या, लेकराचं आत्ताच काही सांगता येत नाही.

शेजारीण पट्टी खोदायला लागली तेव्हा मी घमेलं घेऊन गेले. तिने ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दोघींनी वीत-दीड वीत माती काढली. इंजिनीअर पोरीने गोण्या आणि हातमोजे दिले आणि ट्रक दाराशी लावला. पुढच्या रविवारी मी विहारात पुन्हा उभी राहिले आणि गाळ परत करा म्हणून सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "आता कोणती माती चांगली, तेही तुम्हीच सांगा बाई." लोक हसले. मग दारोदार गेले. कुणी गोण्या भरून दिल्या. कुणी म्हणालं, "आम्हाले त काई झालं नाई मावशी." दोन घरांत मी विचारल्याशिवाय झाडं उपटली आणि शिव्या खाल्ल्या. सगळा गाळ परत गेला असेल असं मला वाटत नाही.

नाला आता चांगला झाला आहे. काठाला दगड बसवले, उतारावर खसाचं गवत लावलं, त्याची मुळं माती धरून ठेवतात. पाणी उथळ आहे, पण तळ दिसतो, बगळे येतात. संध्याकाळी लोक फिरायला येतात आणि "गढ़ा बदल गया" म्हणतात. काम चोख केलं साफसफाईवाल्यांनी. नदीच्या पोटातलं विष बाहेर काढून दूर नेत होते, आणि मी ते मधल्या मधे उचलून शेजारच्या स्वयंपाकघरात नेलं.

सुनेला मुलगी झाली. वजन बरं होतं. चालायला जरा उशीर केला, बोलायला फारच. डॉक्टर म्हणतात, शिशामुळे असेल, नसेलही, पुष्कळ पोरं उशिरा बोलतात. शेजारणीने मला आजवर एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर मी उत्तर दिलं असतं. मला उत्तरं देता येतात.

सून पुन्हा कामावर जायला लागली तेव्हा मुलीला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "आजी, आप दिन भर बोलती हो. इसके पास बैठकर बोलो न. डॉक्टर ने कहा है, इससे खूब बात करो." तिने मला माफ केलं की तिची सोय झाली, हे मी विचारलं नाही. तेव्हापासून रोज दुपारी मुलगी माझ्या ओट्यावर असते. मी बोलते. कावळा, चप्पल, झाकण, भांडं. ती माझ्या तोंडाकडे पाहत बसते. कधी माझ्या ओठांवर बोट ठेवते.

परवा तिने बिस्किटाकडे हात केला आणि म्हणाली, "दे." मी दिलं.

भिंतीपलीकडून शेजारणीने विचारलं, "काय म्हणाली?"

"दे म्हणाली."

"सारेच पोरं आधी दे म्हणतात," ती म्हणाली आणि कपडे गोळा करत राहिली.

मुलीचा मामेभाऊ तिच्याएवढा असताना घरच्यांची नावं घेऊन भांडत होता. हे शेजारणीला माहीत आहे आणि मलाही. मी मुलीला दुसरं बिस्किट दाखवलं आणि ती पुन्हा म्हणते का, याची वाट पाहत बसले.